हेतुकथन

माझ्या पाठ टाचणावर सरांनी लाल शाईने सात गोल केले होते. सातही गोलांत एकच शब्द अडकला होता : ‘साठी’. उंच झाडांची पानं खाण्यासाठी जिराफाची मान लांब झाली. गोल. शत्रूपासून लपण्यासाठी नाकतोड्याचा रंग हिरवा झाला. गोल. पोहण्यासाठी, उडण्यासाठी, थंडीपासून बचावासाठी. गोल, गोल, गोल. खाली समासात एवढंच लिहिलं होतं : ‘कशासाठी नाही, कशामुळे. पुन्हा लिहा.’

हे जुलै 2019 मधलं. सातारा, बी.एड.चं दुसरं वर्ष. मी सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठची. औदुंबर आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, दोन वर्षं नोकरी शोधली, आणि ‘निदान मास्तरीण तरी हो’ या आईच्या वाक्यावर साताऱ्याची एस.टी. धरली. बी.एड. पूर्वी एका वर्षात उरकायचं. 2015 पासून ते दोन वर्षांचं झालं, त्यामुळे मास्तरीण होणंही एक वर्षाने लांबलं.

ज्यांनी बी.एड. केलेलं नाही त्यांना त्यातली गंमत कळायची नाही. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. सहा-सात मिनिटांचा पाठ, एका वेळी एकच कौशल्य, आणि समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र. दोन पोरांचा बाप असलेला सहाध्यायी सातवीतला मुलगा होऊन बाकावर बसतो आणि निरागस चेहऱ्याने विचारतो, ‘मॅडम, बेडकाला घाम येतो का?’ मग सेतुपाठ, मग खऱ्या शाळेत सराव पाठ, मग दुसऱ्या वर्षी आंतरवासिता. प्रत्येक पाठाचं टाचण आधी लिहून मार्गदर्शकांची सही घ्यायची. टाचणाचे रकाने ठरलेले. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शैक्षणिक साधनं. पाठाच्या पायऱ्याही ठरलेल्या. आधी प्रस्तावना, म्हणजे मुलांना माहीत असलेल्या गोष्टींवर तीन-चार प्रश्न. शेवटच्या प्रश्नाला मुलं अडली की लगेच हेतुकथन : ‘तर मुलांनो, आज आपण अमुक घटकाचा अभ्यास करणार आहोत.’ हे म्हणत फळ्यावर शीर्षक लिहायचं. हेतुकथन विसरलं तर गुण जातात. आमच्यातल्या एका मुलीने घाबरून आधी हेतुकथन करून टाकलं आणि मग प्रस्तावनेचे प्रश्न विचारले. मुलांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं बिनचूक दिली.

दहावीचा वर्ग बी.एड.च्या पोरांना कोणी सुखासुखी देत नाही. बोर्डाची परीक्षा असते, मुख्याध्यापकांचा जीव तिथे टांगलेला असतो. मला तो मिळाला तो शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून. दहावीच्या विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. एक वर्षापूर्वीच नवं पुस्तक आलं होतं. मी खूश होते. हा धडा शिकवण्यासाठी तर जीवशास्त्र शिकायचं असतं, असं मला वाटायचं. (हे वाक्य सरांनी वाचलं तर इथेही गोल होईल का? होणार नाही. का, ते पुढे सांगते.)

प्रस्तावनेसाठी मी दशावतार घेतले होते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. आधी पाण्यातला, मग पाण्याजमिनीवरचा, मग जमिनीवरचा, मग अर्धा पशू अर्धा माणूस. घरचं, ओळखीचं, पोरांना पाठ. आपल्याकडे शंभरातल्या नव्वद विज्ञान शिक्षकांना हा मोह होतोच, आणि आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं या आनंदात तास रंगतो. हा पूल बांधण्याचा पहिला मान आपला नाहीच, हे मला नंतर कळलं. थिऑसॉफिकल सोसायटीच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी 1877 च्या आपल्या ग्रंथात अवतारांची अशी मांडणी केली होती. डार्विनचं पुस्तक त्याच्या अठरा वर्षं आधी, 1859 साली आलेलं. म्हणजे डार्विन वाचल्यावर आम्हाला दशावतार तसे दिसू लागले.

सरांनी तो भाग खोडला नाही. त्यांनी विचारलं, ‘वराह कशासाठी आला?’

‘पृथ्वी वर काढण्यासाठी.’

‘नरसिंह?’

‘हिरण्यकशिपूला मारण्यासाठी.’

‘आणि जिराफ?’

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ‘साठी’ने सुरू होणारं होतं. अवतार हेतू धरूनच येतो, गीतेच्या चौथ्या अध्यायात तो हेतू स्वच्छ सांगितला आहे. हेतू काढून घेतला तर अवतार उरत नाही. नैसर्गिक निवडीत हेतू घातला तर नैसर्गिक निवड उरत नाही. लांब मानेचे आणि आखूड मानेचे जिराफ जन्मतात. ज्यांना पाला पोचतो ते जास्त जगतात, त्यांची पिल्लं जास्त होतात. मानेला कुठे जायचं नव्हतं. ज्या जागी मी पूल टाकत होते नेमक्या त्याच जागी दोन्ही काठ सर्वांत लांब होते. मला अजूनही वाटतं की दशावताराचा हा उपयोग विज्ञानावर अन्याय करतोच, पण श्रद्धेवर जास्त करतो. भक्ताच्या विष्णूला आपण सांगाड्यांच्या तक्त्यात नेऊन बसवतो.

मी टाचण पुन्हा लिहिलं. मराठीत हे किती अवघड आहे हे लिहिताना कळतं. आपली सगळी वाक्यं हेतूच्या वळणाने जातात. ‘पानं हलतात ती वारा घालण्यासाठी’ असं आजी सांगते, आणि एम.एस्सी. झालेली नात ‘हृदय रक्त पंप करण्यासाठी असतं’ असं लिहिते. ‘का’ या एका अक्षरात तर दोन्ही प्रश्न एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेले असतात. पाऊस का पडतो, याला ढगांमुळे हेही उत्तर आणि पिकांसाठी हेही.

पाठ झाला. माकडहाडापाशी वर्ग हसला. अवशेषांगं शिकवताना मराठी शिक्षकाला हा शब्द आयता मिळतो, भाषेने डार्विनच्या कितीतरी आधी नाव ठेवून दिलेलं. माणूस आणि माकडांचे पूर्वज एक, हे सांगताना मी थोडी सावध होते. दीडच वर्षापूर्वी, जानेवारी 2018 मध्ये, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादच्या कार्यक्रमात म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही. आणि देशातल्या विज्ञान अकादमींना त्यावर पत्रक काढावं लागलं होतं. पण साताऱ्याच्या त्या वर्गात माकडाचं कोणालाच काही वाटलं नाही. का वाटावं? गावोगाव वेशीवर मारुती उभा आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून आलेल्यांना मधली एखादी योनी माकडाची निघाली तर त्यात अपमान कसला. विलायतेत डार्विनवरून जे रण माजलं ते आपल्याकडे माजलं नाही, याचं श्रेय मी आपल्या उदारपणाला देणार नाही. आपला दुखरा भाग दुसरीकडे होता.

तो तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने दाखवला. तास संपायला पाच मिनिटं उरली होती. तो उठला आणि म्हणाला, ‘मॅडम, आपण कशामुळे आहोत ते कळलं. पण मग कशासाठी आहोत?’

वर्ग हसला. मी शेवटच्या बाकावर बसलेल्या सरांकडे पाहिलं, ते खाली मान घालून लिहीत होते. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘आपण संकलनाचे प्रश्न घेऊ.’

निरीक्षण वहीत शेरा आला : ‘फलकलेखन चांगले. आवाज स्पष्ट. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला बगल दिली.’

त्या शेऱ्यावरून मी सरांशी भांडले, म्हणजे बी.एड.ची मुलगी सरांशी जेवढं भांडू शकते तेवढं. म्हटलं, सर, तुम्हीच साठी खोडलंत, आता तो साठी मागतोय तर मी कुठून देऊ? सर मूळचे वाईचे, संस्कृताचा नाद असलेले. त्यांनी मला ग्रंथालयात पाठवलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली त्यांच्याच वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड तिथे ओळीने होते. त्यातून आणि सरांच्या तोंडून जे कळलं ते असं.

‘हेतू’ या शब्दाचा अर्थच मुळात आपण समजतो तो नाही. न्यायशास्त्रात डोंगरावर विस्तव आहे हे सिद्ध करायचं असेल तर धूर दाखवतात. तिथे धुराला हेतू म्हणतात. धूर विस्तवासाठी नसतो, विस्तवामुळे असतो, आणि आपल्याला विस्तव कळतो तो धुरावरून. म्हणजे नैयायिकांचा हेतू ना साठीचा, ना नुसता मुळेचा. तो ‘वरून’चा. कशावरून? मराठीत येता येता या शब्दाने कूस बदलली आणि तो मनातला उद्देश झाला. ‘त्याचा हेतू चांगला नव्हता’ म्हणतो तो. सर म्हणाले, ‘विज्ञानाच्या मास्तराने हेतुकथन करावं ते जुन्या अर्थाने. कशावरून, ते सांगावं.’ माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला, असं म्हणणाऱ्याला द्यायचं उत्तरही हेच. डोंगरावरचा विस्तवही कोणी पाहिलेला नसतो.

आणि प्रश्न काही डार्विनने आणलेला नाही. श्वेताश्वतर उपनिषदाच्या सुरुवातीलाच जगाचं कारण शोधताना काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा अशी नावं घेतली आहेत. यदृच्छा म्हणजे आपोआप, योगायोगाने. उपनिषद ती सगळी बाजूला सारून देवाकडे जातं, पण ती नावं घेतली गेली, म्हणजे तसं मानणारे तेव्हा होते. सांख्यांनी वेगळी वाट काढली. प्रकृती अचेतन आहे, तिला काही कळत नाही, तरी ती पुरुषाच्या मोक्षासाठी राबते. जसं दुधाला काही कळत नाही तरी ते वासरासाठी वाहतं. यावर शंकराचार्यांचा आक्षेप मला फार आवडला. दूध अचेतन असेल, पण गाय अचेतन नाही. तिच्या मायेने पान्हा फुटतो, आणि वासरू ओढतं म्हणून तो येतो. ज्याने धार काढली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्या आबांनी सांख्यही वाचलेला नाही आणि शंकराचार्यही, पण रेडकू लुचल्याशिवाय म्हैस पान्हावत नाही हे त्यांना ठाऊक आहे. मी त्याला ऑक्सिटोसिन म्हणते. ती रासायनिक साखळी मला तोंडपाठ आहे आणि तिच्यात कुठेही साठी नाही. तरी आबांच्या गोठ्यात उभं राहून, म्हैस रेडकाला चाटत असताना, साठी म्हणायचं नाही हे मला जमलेलं नाही.

खोलीवरची माझी मैत्रीण मिरजेकडच्या जैन शेतकरी घरातली. मी तिला माझी अडचण सांगितली तर तिला ती अडचणच वाटेना. ‘आमच्यात जग कोणी केलेलंच नाही,’ ती म्हणाली, ‘अनादी आहे. करणाराच नाही तर त्याचा हेतू कुठला?’ सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या आणि भाजीपाल्याच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या राबणारे हे लोक कर्त्या ईश्वरावाचून सणवार करतात, उपास करतात, मुलींची लग्नं करतात, आणि त्यांचं जगणं कुठे अडलेलं दिसत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील अशाच घरात, कुंभोजला जन्मले. त्यांनी 1919 साली कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. आम्ही साताऱ्यात होतो ते तिच्या शताब्दीचं वर्ष. हेतूने असा ओतप्रोत भरलेला माणूस ज्या परंपरेतून आला तिला जगाच्या हेतूची गरज पडली नव्हती, हे मला त्या पावसाळ्यात कुठेतरी आधाराला सापडलं.

मात्र त्या मैत्रिणीशी माझा वाद झाला तो उंबरांवरून.

सहजीवन दाखवायला मी गावाकडून डबाभर उंबरं आणली होती. तिने तो डबा खोलीत ठेवू दिला नाही. वड, पिंपळ, उंबर, अंजीर, पाकर ही पाच फळं त्यांच्यात वर्ज्य, कारण आत जीव असतात. आमच्याकडे तेच झाड दत्ताचं. औदुंबरला लोक त्याला प्रदक्षिणा घालतात, आणि त्याचं लाकूड आमच्या घरात कोणी चुलीत घातलेलं मी पाहिलेलं नाही. शेवटी आम्ही वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसलो आणि मी ब्लेडने एक उंबर उभं चिरलं. ती दोन पायऱ्या वर बसून पाहत राहिली.

उंबर हे फळ दिसतं, पण ती आत वळलेली पिशवी आहे. शेकडो बारीक फुलं तिच्या आतल्या भिंतीला लागलेली असतात, म्हणून उंबराचं फूल कोणाला दिसत नाही आणि न भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. तोंडाशी एक सूक्ष्म वाट असते. त्या वाटेने एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. सोबत आणलेले परागकण ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंड्यांतून आधी नर निघतात. त्यांना पंख नसतात, डोळे नावापुरते. ते अजून बाहेर न पडलेल्या माद्यांशी मीलन करतात, मग जबड्यांनी उंबराच्या भिंतीला भोक पाडतात. त्या भोकातून पराग घेतलेल्या माद्या दुसऱ्या उंबराकडे उडतात. नर बहुतेक आतच मरतात. ज्या झाडाला लोक प्रदक्षिणा घालतात ते झाड त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं.

मी भिंग तिच्या हातात दिलं. तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘चतुरिंद्रिय.’ त्यांच्या शास्त्रात जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येने होते. झाडाला एक, अळीला दोन, मुंगीला तीन, माशीला चार. मी म्हटलं, या नराला चौथं जवळजवळ नाहीच. ती म्हणाली, ‘तरी तू ब्लेड चालवलंस.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बी.एस्सी.ला आम्हाला विच्छेदन फारसं करावं लागलं नाही, विद्यापीठ अनुदान आयोगाने तोवर ते जवळपास बंद केलं होतं, आणि मला त्याचं बरं वाटलं होतं. पण उंबर चिरताना माझ्या मनात काही आलं नव्हतं. ‘मुलांना दाखवण्यासाठी,’ मी म्हणाले. ती हसली. मलाही ऐकू आलं. हा आठवा साठी होता, आणि सरांनी इथे गोल केला नसता. इथे जिला विचारायचं ती समोर बसलेली होती. जिराफाची मान आणि माझं ब्लेड यांत फरक असेल तर एवढाच की ब्लेडला विचारता येतं.

डार्विनलाही अशाच एका गांधीलमाशीने छळलं होतं. जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालणारी ती जात. 1860 साली एसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला त्याने लिहिलं की दयाळू देवाने हे मुद्दाम घडवलं असेल असं मानायला माझं मन तयार होत नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली होती. त्याने मुलीचं नाव पत्रात घेतलेलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाऊस थांबेना. साताऱ्यात आम्हाला फक्त भिजलेले कपडे वाळेनात एवढाच त्रास होता. पण कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळत होतं आणि माझ्या गावाकडे जात होतं. फोन लागेनात. रस्ते बंद. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. त्या आठवड्यात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 8 तारखेला आमच्याच पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं भरलेली नाव उलटली. मी ते वसतिगृहाच्या टी.व्ही.वर पाहिलं, नावांची यादी येईपर्यंत उभी राहून.

आमच्या घरच्या माणसांना काही झालं नाही. आईला आणि आजीला आबांनी आधीच वरच्या गावच्या शाळेत नेऊन सोडलं होतं. स्वतः परत गेले, जनावरांपाशी. आमच्या सोप्याच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण आहे, आबांनीच विळ्याने केलेली. तेव्हा पाणी जोत्याला लागून थांबलं होतं. आबांना वाटलं तिथेच थांबेल. त्यांनी रेडी सोडली, ती पोहत कुठेतरी लागली आणि नंतर सापडलीही. म्हैस गाभण होती. ती त्यांनी सोडली नाही. रात्री पाणी खुणेच्या वर गेलं, तेव्हा ते शेजाऱ्यांच्या स्लॅबवर चढले. मी तेरा-चौदा दिवसांनी घरी पोचले. घरात मांडीएवढा गाळ होता, आणि गोठ्यात खुंट्याला दावं तसंच होतं.

आई नदीला विचारत होती. ‘कशासाठी गं बाई, आमच्याच दारात?’ गावात उत्तरं बरीच होती. कोणी देवीचा कोप सांगितला, कोणी कलियुग, कोणी कर्नाटकातल्या अलमट्टीच्या भिंतीवर बोट ठेवलं. नंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मी त्या गाळात उभी होते, हातात खराटा, आणि माझ्या डोक्यात सरांचा लाल गोल होता. नदीला साठी नसतं. इतका पाऊस, इतके दिवस, धरणं भरलेली, पात्र अरुंद झालेलं. हे सगळं मुळे. मी आईला ते सांगितलं नाही. गाळ काढणाऱ्या बाईला जलविज्ञान सांगणारी मुलगी कोणाला नको असते.

पण एक गोष्ट मला तिथेच दिसली आणि तिच्यावर मी आजही ठाम आहे. नदीला कशासाठी विचारत बसल्यामुळे ज्यांना तो प्रश्न विचारता येतो त्यांना विचारायचं राहून जातं. पूररेषेच्या आत बांधकामांना परवानग्या दिल्या गेल्या, त्या कशासाठी? ओढे बुजवले गेले, ते कशासाठी? सूचना वेळेवर गल्लीपर्यंत पोचल्या नाहीत, ते नुसतं ‘कशामुळे’ म्हणून सोडून देता येणार नाही. तिथे माणसं होती, त्यांना हेतू होते, आणि हेतू असलेल्याकडून उत्तर मागता येतं. निसर्गातून हेतू काढून घेतला की माणूस पोरका होतो, असं कीर्तनातून मी लहानपणापासून ऐकलं आहे. मला उलट वाटतं. निसर्गाच्या खात्यावर टाकलेले आपले हेतू आपल्याकडे परत येतात, आणि ते घ्यायला कोणी तयार नसतं.

कोणी म्हणजे मीही. आबांना विचारता येण्याजोगा एकच प्रश्न होता, आणि तो मी विचारला नाही. म्हैस बांधून का ठेवलीत?

त्यांनी न विचारताच सांगितलं. आम्ही दोघं गोठ्यातला गाळ ओढत होतो. ते म्हणाले, ‘तिच्यापायीच तर मागं ऱ्हायलो की.’

पायी. सरांनी मला साठी आणि मुळे यांच्यात निवडायला शिकवलं, ते बरोबरच शिकवलं, जीवशास्त्राच्या तासाला दुसरा मार्ग नाही. पण आमच्या गावच्या बोलीत हा शब्द आहे आणि तो निवड करत नाही. म्हशीपायी मागे राहिलो, म्हणजे म्हशीमुळे आणि म्हशीसाठी. पोरांपायी झिजलो. तुझ्यापायी हे झालं. यात राग असतो, माया असते, दोष असतो, आणि कोणता किती हे बोलणाऱ्यालाही माहीत नसतं. प्रमाण मराठीत लिहिताना आपण हा शब्द गावंढळ म्हणून टाळतो. टाचणात मी तो कधी लिहिला नाही. जिराफाला तो लागू होत नाही. आबांना दुसरा कोणताच लागू होत नाही.

सप्टेंबरमध्ये मी त्या वर्गात परत गेले. तिसऱ्या बाकावरचा मुलगा होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या प्रश्नाला मी त्या दिवशी बगल दिली. तू कशासाठी आहेस हे जीवशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण पुस्तकाला तुला विचारता येत नाही. तुला मात्र ते विचारता येतं, आणि तुझं उत्तर दर वर्षी वेगळं आलं तरी चूक धरणार नाही. हे मी रात्री तीनदा लिहून काढलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मॅडम, हे परीक्षेत येणार का?’

येणार नाही, मी म्हटलं. तो सुटल्यासारखा खाली बसला. पण पुढे आठवडाभर वर्गाला खेळ मिळाला. ‘डबा का आणला नाहीस?’ ‘कशासाठी विचारता की कशामुळे, मॅडम?’ एका मुलीने उंबराच्या तासाला हात वर करून विचारलं, ‘नराला पंख नाहीत हे कशावरून?’ मी भिंग तिच्या हातात दिलं.

मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि आमचं दुसरं वर्ष मोबाइलवर संपलं. पुढे टी.ई.टी., टी.ए.आय.टी. या शिक्षक होण्याच्या परीक्षा, सगळं रांगेने. 2021 च्या जुलैत कृष्णा पुन्हा आली, या वेळी आबांनी सगळी जनावरं दोन दिवस आधी वर नेली. 2023 साली राष्ट्रीय पातळीवरच्या एन.सी.ई.आर.टी.ने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढून टाकली. आपल्या राज्याच्या पुस्तकात तो धडा पहिलाच आहे, आणि तो तिथेच राहील हे पालकांनी आणि शिक्षकांनी पाहिलं पाहिजे.

मी सध्या सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर आहे. पावसाळ्यात पुन्हा तोच धडा आहे. उंबरांची सोय झाली आहे, खाली पडलेलीच घेते, झाडावरची तोडत नाही. वर्गात 58 मुलं आहेत आणि शाळेत भिंगं तीन. कोणाच्या घरी आजोबांचं जुनं, वाचायचं भिंग कपाटात पडून असेल तर तेही चालेल, त्यातून नर दिसतो.